कोमल डाव्या हातानं दोरी ओढते

प्रिय शालन,

आज सकाळी प्रकाशनं तुझ्या फोटोला हार घातला आणि हळूच म्हणाला, "कोमलचा सत्कार छान पार पडला बरं का." तुझा नवरा आणि माझा भाऊ असला तरी खोटं बोलतोय तो. छान पार पडला नाही. मी पडू दिला नाही. खरं काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी आनंदाची गोष्ट. तुझी कोमल परदेशातून पदक घेऊन आली! महिलांच्या तिरंदाजी संघाला कांस्य मिळालं. तू मुलींना तिरंदाजी शिकवायचीस त्या शाळेच्या हॉलमध्ये सगळं तिसगाव टीव्हीपुढे बसलं होतं. संघात तिघींना मिळून एकच घड्याळ असतं, हे मला तूच शिकवलंस. पहिल्या दोघी रेंगाळल्या, तर तिसरीच्या वाट्याला उरेल ते. आपली कोमल तिसरी. शेवटच्या फेरीत दुसरी मुलगी वारा पडायची वाट बघत थांबली, थांबली, आणि कोमल रेषेवर आली तेव्हा घड्याळात जवळजवळ काहीच नव्हतं. तिची आई माझ्या शेजारी तोंडात पदर धरून बसलेली. कोमलनं ओढलं, सोडलं. दहा!

मला तेव्हा तुझं ते सरावाचं मैदान आठवलं. तू बाकीच्या दोघींना मुद्दाम वेळ घालवायला लावायचीस आणि कोमल रडकुंडीला यायची. मी एकदा तुला रागावले होते, "किती छळशील पोरीला?" तू म्हणालीस, "वन्सं, हिला सगळं उरलेलंच मिळतं. उरलेल्या वेळात बाण तरी नीट मारू दे." आईबाप ऊसतोडीला गेले की ही पोरगी तुझ्याच घरी राहायची. ती डावरी, म्हणून पोळी लाटतानासुद्धा आजीचा मार खायची. तिला आंब्याच्या झाडापुढे उभं करून, एकेक डोळा झाकायला लावून तू ठरवलंस, की हिचा डावा डोळा खरा. धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या हातानं.

आता त्या माणसाचं. नाव लिहायला लेखणी कुरकुरते, पण लिहिते. भानुदासराव. जिल्ह्याच्या निवड चाचणीत खुर्ची टाकून बसणारा, ज्यानं उभ्या जन्मात धनुष्य ताणलेलं नाही असा माणूस!

तो चाचणीचा दिवस तू विसरली असशील. मी नाही. मी मुद्दाम संगमनेरहून आले होते, तुझ्या मुली बघायला. कोमलनं सगळ्यांत चांगले बाण मारले होते. आणि हा म्हणाला, "डावरी पोरगी ओळीत उभी केली की तिचं तोंड दुसऱ्यांकडं येतं. संघात चालत नाही. उजव्यानं मारायचं आसंल तर ये, न्हाईतर जा आईबापामागं कोयता घेऊन." अरे, सांघिक सामन्यात एका वेळी एकच जणी रेषेवर असते! तोंड येणार कुणाकडं? एवढंही ठाऊक नसलेला माणूस पोरींचं भवितव्य ठरवत होता. आणि त्याची भाची गेली त्या संघात.

तू काय केलंस? मान खाली घातलीस. बसमध्ये मला म्हणालीस, "जाऊ द्या वन्सं, बाण उत्तर देईल." शालन, बाण उत्तर देत नाही गं! बाण लक्ष्यात जाऊन गप्प बसतो. उत्तर माणसांना द्यावं लागतं. तू ते दिलं नाहीस, हा माझा तुझ्यावरचा एकच राग आहे. कोमलला घेऊन तू दुसऱ्या जिल्ह्यात गेलीस, एसटीचे धक्के खाल्लेस, तिथल्या प्रशिक्षण केंद्रातल्या लोकांच्या हातापाया पडलीस. इकडे यानं तुझं प्रशिक्षकपद काढून घेतलं. "बाई, तुम्ही आता घरचं बघा." तू आजारी पडलीस तेव्हा फिरकला नाही. दशक्रियेला मात्र आला! माईक हातात घेऊन म्हणाला, "शालनताई म्हणजे आमच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या कार्यकर्त्या." पिंडाला कावळा शिवायचा होता, म्हणून मी गप्प बसले. त्याच वेळी ठरवलं, याचं उत्तर माझ्याकडे.

कोमलला पदक मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. एका बाजूला हात जोडलेले भानुदासराव, वर मोठ्या अक्षरांत "गुरुवर्य", आणि दुसऱ्या बाजूला कोमल धनुष्य ताणून. तिचं तोंड साहेबांकडं यावं, म्हणून फोटो उलटा केलेला! फ्लेक्सवरची कोमल उजव्या हातानं दोरी ओढत होती. प्रकाश म्हणाला, "अक्का, त्यांना सांगू या का, चूक झालीय?" मी म्हटलं, "खबरदार. ज्याला कळायला हवं, त्यालाच ते कळत नाही. राहू दे तसाच."

सत्काराच्या सूत्रसंचालनासाठी भानुदासरावांच्या माणसांनी मलाच बोलावलं. "तुमचा आवाज खणखणीत आहे बाई, शिवाय घरचंच कार्य." घरचंच तर होतं!

फेटे झाले, नारळ झाले. भानुदासराव तुझ्या कोमलला आपण कसं घडवलं ते सांगत राहिले. तुझं नाव एकदाही नाही. टाळ्या थांबल्यावर मी माईकवर म्हटलं, "आता एक विनंती. ज्यांनी हिला धनुष्य धरायला शिकवलं, त्या गुरुवर्यांनीच ते आज तिच्या हाती द्यावं." कॅमेरे पुढे सरसावले. त्यांनी ऐटीत धनुष्य उचललं आणि कोमलच्या डाव्या हातात ठेवलं. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब देतील तसंच धर, बाळ."

समोरून तिच्या आईचा आवाज आला, "आवो सायेब, पोरगी डावरी हाय माझी, दोरी डाव्या हातानं वढती! उलटं दिलंय तुमी!"

मागून कुणीतरी ओरडलं, "फ्लेक्सवर पन उलटीच हाय की!" सगळा मांडव वळून फ्लेक्सकडे बघायला लागला. हसू कसं पसरतं, पाहिलं आहेस ना? आधी बायका, मग सगळेच.

"घाईत झालं, घाईत," ते म्हणाले.

"घाई कसली साहेब? इतकी वर्षं शिकवलंत ना? निवड चाचणीत हिच्या डाव्या हाताला काय म्हणाला होतात, तेवढं सांगा गावाला. की मी सांगू?"

त्यांना एकदम फोन आला. न वाजलेला! कानाला लावून बोलत बोलतच स्टेजवरून उतरले ते. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी माईक बंद केला नाही.

कोमलनं धनुष्य उजव्या हातात घेतलं. तिला भाषण कुठे येतं? म्हणाली, "मला शालनबाईंनी शिकवलं. तेव्हा फोटो काढायला कुणी नव्हतं." एवढंच. शालन, बसलेलं सगळं गाव उभं राहिलं.

नंतर ती माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, बाई असत्या तर तुम्हाला रागावल्या असत्या." मी म्हटलं, "असती तर तिचं ऐकून घेतलं असतं."

प्रकाशला वाटतंय, झालं, फिटलं. नाही फिटलं. तो अजून त्याच खुर्चीत आहे. पुढच्या निवडीला त्याच्यापुढे पुन्हा कुणाच्या तरी मुली उभ्या राहणार आहेत. तू म्हणशील, वन्सं, एवढा राग बरा नाही. बरा नाहीच. पण तुझ्या वाट्याचा तू केला नाहीस, तोही मलाच करावा लागतोय!

म्हणून हे वचन घे. यानं परत पाठवलेल्या मुलींच्या घरी मी जाऊन आले आहे. पुढच्या चाचणीला त्यांच्या आया माझ्यासोबत येऊन त्याच्या समोर बसणार आहेत. तो एकेका मुलीला नाकारेल, तेव्हा एकेक आई उठून विचारेल, "का?" कारण नीट सांगता आलं तर ठीक. नाही आलं तर तो खुर्चीतून उठेपर्यंत आम्ही उठणार नाही. आणि तो उठला ना शालन, की त्या खुर्चीत मी कुणालाही बसू देणार नाही. मुली बाण मारतील, आणि कोण पुढे जाणार ते लक्ष्यावर सगळ्यांना दिसेल.

तुझी नणंद,
विमल