अकरा परदेशी आणि आईची पायवाट

दादा,

आधी भांडते, मग नमस्कार करते. परदेशी स्वयंसेवक पाठवा म्हणून अर्ज केलास तू, गटाचा नेता म्हणून सही ठोकलीस तू, आणि ते अकरा जण घराएवढी ओझी घेऊन माझ्या दारात उभे राहिले त्याच सकाळी तुझी पाठ धरली! तारीख बघून धरणारी पाठ मी पहिल्यांदाच पाहिली. चौथीत शाळा सोडलेल्या बहिणीच्या गळ्यात सात देशांची माणसं बांधून तू शहरात गादीवर पडलास. वर निरोप काय, तर महिन्यात पायवाट झाली नाही तर आईला मी कायमची इकडे आणणार. दरड कोसळून वाट गेल्यापासून आई वरच्या घरात अडकलीय हे मला काय सांगतोस? दोरी धरून रोज तिचं पाणी आणि जेवण वर कोण नेत होतं, तुझी पाठ?

बरं, आता नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची मी विचारत नाही, तू दिवसभर घरात असल्यावर ती कशी असणार ते मला कळतं.

तर पहिला आठवडा डोंगर बघण्यात गेला. एक फावडं मारायचं, थांबायचं, आ वासायचा, फोटो काढायचा. (बेचाळीस वर्षं मी तो डोंगर बघतेय. त्याच्यामुळे चार वाजताच ऊन जातं आणि धुणं ओलं राहतं, हे एकाच्याही फोटोत येत नाही.) शेवटी सगळ्यांना डोंगराकडे पाठ करून उभं केलं, तर समोर दरी आली. ती त्यांना डोंगराहून जास्त आवडली.

त्यात त्यांची ती सकाळची बैठक. गोल करून बसायचं, ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा हातात घ्यायचा, आणि गोटा ज्याच्या हातात त्याने मनातलं बोलायचं. बाकीच्यांनी गप्प. सगळ्यांचं मन मोकळं झाल्याशिवाय कामाला हात नाही! त्यांच्यातला एक उंच आहे, मी त्याला शिडी म्हणते. फावडं हातात घेतल्यावर आत काय काय होतं ते शिडीने अर्धा तास सांगितलं. (आपली भाषा येणारी एकच पोरगी त्यांच्यात, ती दुभाषी. ती बिचारी घसा बसेपर्यंत मला समजावत होती.) एकदा गोटा माझ्याकडे आला. मग मीही सोडलं नाही. तू लहानपणी माझी पाटी फोडलीस तिथपासून जी सुरुवात केली ती थेट तुझ्या पाठीपर्यंत. तिघं रडले. शिडीने मला मिठी मारली. सगळ्यांना हलकं वाटलं, पण वाटेवर एक दगड पडला नाही.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या सकाळी माझ्या डोक्यात राख गेली. तो गोटा मी दिला ओढ्यात भिरकावून आणि शिडीच्या मांडीवर पायरीचा दगड ठेवला, चांगला दहा किलोचा. म्हटलं, नियम तुमचाच, दगड हातात आहे तोवर खुशाल बोला. शिडी नुसतं शुभ सकाळ म्हणाला आणि शेजारणीकडे दगड ढकलला. मी तो गोल उलगडला, एक टोक ओढ्यात, दुसरं वाटेवर. प्रत्येकाने एक शब्द बोलायचा आणि दगड पुढे द्यायचा. कुणी आनंद म्हणे, कुणी मैत्री, दुपारनंतर सगळेच कंबर म्हणायला लागले. पण संध्याकाळपर्यंत साठ दगड वर! दुभाषी पोरगीही भाषांतर सोडून रांगेत शिरली.

बसवायला मी होतेच. दगडाचं लांब अंग डोंगरात, आखूड बाहेर, हे बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलं होतं, पण तू अभ्यास आहे म्हणून पळायचास. शिडीने एक दगड सुंदर दिसावा म्हणून उलटा बसवला. मी त्यावर चढून नाचले, दगड निखळला, मी आपटले. तेव्हापासून मला विचारल्याशिवाय तो श्वासही घेत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी एकशे बारा पायऱ्या पूर्ण. आई एकटी उतरली, कुणाचा हात न धरता. खाली येऊन पहिलं वाक्य काय, तर खालून तिसरी हलतेय. (हलत होती. मीच बसवलेली.) अकराच्या अकरा जण तिच्याकडे बघत होते रे. डोंगराकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

तेव्हा आईला न्यायचा विषय संपला. महिना तुझा, वाट माझी.

तुझी धाकटी बहीण, गटाची नेता

ता. क. आईला नेणार नाही, असं स्वतःच्या हाताने लिहून पाठव. वहिनीची साक्षीदार म्हणून सही घे, तुझ्या एकट्याच्या सहीचं काय होतं ते आपण पाहिलं.

ता. क. दुसरा. आत्ताच आई येऊन गेली. म्हणते, असलं कागदावर कशाला, मीच जाऊन त्याच्या तोंडावर सांगते, आता वाट आहे ना. पिशवी भरलीय. परत कधी येशील विचारलं तर पिशवीचे बंद आवळत बसली. वाट मी तिला जायला बांधली नव्हती रे, दादा. गुरुवारपर्यंत तुझं उत्तर तिच्या हातात पडलं पाहिजे. शुक्रवारी ती निघाली तर तिला अडवणं माझ्याच्यानं काय, त्या अकरा जणांच्यानंही होणार नाही.