मशिदीचा चुना सुकला

प्रिय उस्ताद,

सलाम. गावाकडे धाडायची तुमची पत्रं मीच लिहून द्यायचो, आज तुम्हालाच लिहायची पाळी आलीय. उद्या सकाळी आपल्या गिरगावच्या मशिदीत सिमेंट कालवायचं आहे, आणि ते काम मला सांगितलंय.

किती जपलीत तुम्ही ती मशीद! जुनी नक्षी तशीच, चुनाही जुन्या रीतीचा, गुळाच्या पाण्यात मुरवलेला. एकदा कंटाळून मी म्हणालो, "सिमेंट झटपट होतं की." तुम्ही थापी खाली ठेवलीत. "झटपट लगीन होतं रे सदू, संसार नाय. सिमेंट मारलंस तर ओल आतच राहणार, भिंत कुजणार."

पश्चिमेची शेवटची भिंत लिंपलीत आणि अंथरूण धरलंत. जाताना बायकामुलांचं काही बोलला नाहीत. "एकवीस दिवस पाणी मार. तहान लागली म्हणून चुना सांगत नाय." मी हो म्हणालो होतो.

नऊ दिवस मारलं, उस्ताद. दहाव्या दिवशी लालबागची आमची सगळी चाळ मोर्च्याला निघाली. मुंबईसह महाराष्ट्र हवा, मी घरात कसा बसू? मोर्चा आटोपून मशिदीत जाईन म्हटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. पाच दिवस चाळीत अडकलो. मशिदीत उरले फक्त बांग देणारे म्हातारे चाचा, ते पाणी मारायला परांचीवर कसे चढणार?

गेलो तेव्हा भिंतभर भेगा. बोट लावलं की पापुद्रे हातात येत होते. मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष भला माणूस, रागावलेसुद्धा नाहीत. "तुझा काय दोष? पण आता चुन्याचा नाद नको, सिमेंटच मार."

पुन्हा चुनाच लावतो म्हणावं, तर तो मुरवायचं मला कुठे येतं? चुना मुरला की नाही ते तुम्ही चिमटीत धरून ओळखायचात. मला का नाही शिकवलंत? "अजून वेळ आहे," म्हणत राहिलात. कुठे होता वेळ? तुमचा रागच येतो मला.

नाही म्हटलं तर दुसरा गवंडी येईल आणि मेहराबीवरची जुनी वेलबुट्टी छिन्नीनं उडवेल. म्हणून हो म्हटलंय.

शब्द देतो, त्या वेलीच्या काठाशी माझी थापी थांबेल. तिच्यावरही सिमेंट फासायला कमिटीनं दुसऱ्या कुणाला बोलावलं, तर मी अडवू शकणार नाही, उस्ताद. पण ह्या खेपेला मी तिथून हलणार नाही.

तुमच्या हाताखालचा,
सदू गवंडी