नकटीचा पुडा

प्रिय नकटे,

सोबतचा पुडा तुझा आहे. फळांचा चहा, मी स्वतः मिसळलेला. आपला चहाचा कारखाना सोडून लेकीकडे राहायला निघालीस तेव्हा तू म्हणाली होतीस, आयुष्यभर परक्यांच्या वाढदिवसांना चहा करून दिलास, मला मेलीला एक पुडा नाही दिलास. घे आता. पण लगेच पाणी उकळत ठेवू नकोस. आधी हे पत्र वाच, शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून उरलेलं आपल्या मनानं ठरवायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

हा चौथा पुडा आहे. आधीचे तीन मी फेकून दिले. पहिला केला तो तू गेल्यावर आठवड्यानं, जेवणाच्या सुट्टीत. सुकवलेल्या सफरचंदाच्या फोडी, आलुबुखार, थोडी चेरी, आणि तुला आवडते म्हणून मोसंबीची साल. कपात घालून प्यायले तर नुसतं गरम पाणी, जरासं आंबट. तडक कोठीत गेले आणि कोठीवाल्याला फैलावर घेतलं, गेल्या वर्षीचा माल आमच्या गळ्यात मारतोस म्हणून. त्यानं पोतं उघडलं, नाक आत घातलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बाई, आख्खी कोठी घमघमतेय. मी म्हटलं, तुझ्याच नाकाला घमघमतेय, आणि परत येऊन बसले.

नकटे, मला वास येत नाही. कशाचाच येत नाही.

आपल्या टेबलावरच्या बरण्यांना चिठ्ठ्या नाहीत ते तुला आठवतं ना. मीच फाडून टाकल्या होत्या. मला वाचायला वेळ लागतो हे कुणाला दिसू नये म्हणून, पण सांगितलं असं की ज्याला वासावरून कळत नाही त्यानं या टेबलाशी बसूच नये. आता फोडी डोळ्यांना ओळखू येतात, पण मोसंबीची आणि लिंबाची साल चुरा केली की दोन्ही सारख्याच पिवळट. मग मी काय करते, तुझ्या जागी जी नवी बाई आली आहे तिच्यापुढे बरणी धरते आणि विचारते, सांग पाहू कशाची. ती बिचारी घाबरत घाबरत सांगते. मी तोंड वाकडं करून म्हणते, बरोबर. तिला वाटतं मी तिला शिकवते आहे. परवा तिनं माझ्यासाठी घरून डबा आणला, गुरू म्हणून.

आमच्या ह्यांना एवढंच सांगितलं की सर्दीनं नाक गेलंय. ते म्हणाले, बरं झालं, आता माझ्या मोज्यांवरून घर डोक्यावर घेणार नाहीस. मीही हसले. मग रविवारी दुपारी दूध उतू जाऊन गॅस विझला. मी तिथेच, पाठ करून भाजी निवडत होते. भाजी झाली, शेगडी विझलेली दिसली, काडेपेटी घेतली. तेवढ्यात शेजारीण दार ढकलून आत आली आणि माझ्या हातावर जोरात फटका मारला. पेटी खाली पडली. ती खिडक्या उघडत ओरडत होती, अगं तुला कळत कसं नाही, आणि मी खाली बसून काड्या गोळा करत होते, जसं काही तेच काम महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता डॉक्टरकडे गेले. त्यानं बॅटरी लावून नाकात बघितलं, सर्दी नाही म्हणाला, मांसही वाढलेलं नाही. मग लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाला, "डोक्याचा फोटो काढून घेऊ, एकदा आत बघितलेलं बरं." आत काय बघायचंय हे मी विचारलं नाही. भाजीवालीला तराजू तीनदा उचलायला लावणारी मी, नुसती मान डोलावली. कधीपासून म्हणून त्यानं विचारलं, तर पंधरा दिवस म्हटलं.

पंधरा दिवस नाहीत, सहा महिने झाले. कोठीवाल्याला फैलावर घेतलं तेव्हाही मला ठाऊक होतं. तू शेजारी बसत होतीस तेव्हापासून. मी बरणी तुझ्याकडे सरकवायचे, बघ गं वास उतरला का म्हणून, आणि तुझ्या तोंडाकडे बघायचे. तू भुवई उडवलीस की बरणी बाजूला, मान डोलावलीस की मिसळायच्या घमेल्यात. तुला वाटलं, म्हातारपणी का होईना, ही आपलं ऐकायला लागली. आणि तू जाणार कळलं तेव्हा मी तुझ्या लेकीला नाही नाही ते बोलले, फुकटची आया हवी आहे तिला असंही म्हणाले. तुझ्या लेकीत काही वाईट नाही. तू गेलीस की मी उघडी पडणार, एवढंच होतं. तिला सांग, नाहीतर नको सांगूस, तुझं तू बघ.

तर या पुड्यातली साल नव्या बाईच्या नाकानं घेतली आहे आणि बाकीचं माझ्या हाताच्या अंदाजानं. कसा झालाय मला माहीत नाही. पी आणि खरं काय ते सांग, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून गोड बोलू नकोस.

फोटो एकवीस तारखेला आहे, गुरुवारी, सकाळी अकराला. नळकांड्यासारख्या यंत्रात घालतात म्हणे, हलायचं नाही. सोबत कुणीतरी हवं असं त्यांनी कागदावर लिहिलंय. ह्यांना दात दाखवायला जाते म्हणून सांगितलंय, खरं कळलं तर ते माझ्याआधी आडवे होतील. फोन केला असता, पण घरात भिंतीला कान आहेत, आणि तुझा आवाज ऐकून मी काहीतरी टाकूनच बोलले असते. म्हणून दोन रात्री बसून हे लिहिलं. नकटे, मला भीती वाटते गं, फार भीती वाटते. माझ्याबरोबर चल. येणार नसशील तर आधीच कळव. दवाखान्याच्या दारात तुझी वाट बघत उभी राहायची ताकद माझ्यात नाही.

तुझीच,
ढालगज