टेबलावरचं पाचवं ताट

सेल्मा, १८ फेब्रुवारी
राखेचा बुधवार

आदरणीय कोमाद्रे एर्मिनिया,

देवाच्या दयेने मी बरी आहे. तुमचे गुडघे आणि तुमच्या शाळेतला स्वयंपाक, दोन्ही नीट चाललं असेल असं धरून चालते. सकाळी चर्चमध्ये कपाळाला लावलेली राख अजून पुसलेली नाही. माझ्या नोएमीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तुम्ही तिला हातांवर धरलंत, त्या दिवसापासून मी तुम्हाला नणंद म्हणून हाक मारली नाही, कोमाद्रेच म्हणत आले. आजही त्याच नात्याने लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

इकडे बदाम फुललेत. सकाळी धुक्यात रस्त्यापलीकडची बाग दिसत नाही, नुसता पांढरा उजेड दिसतो आणि त्यातून पाकळ्या तरंगत अंगणात येतात. काल कपडे वाळत घालताना त्या उजेडातून एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन आला. मला वाटलं, तुमचा भाऊ एवोदियोच. चिमटे तोंडात धरून तशीच उभी राहिले. जवळ आल्यावर पाहते तो आपले शेजारी मेलितोन. अजून रोज दुपारी माझ्याकडेच जेवतात. म्हणतात, "दोमितिला, आज घेवड्यात मीठ नाही." मी म्हणते, "मीठ तुमच्या रक्तदाबाला विचारून घालते." "मग त्यालाच जेवायला वाढ," म्हणतात, आणि ताट निपटून उठतात.

नोएमीला तिसरी मुलगी झाली. जावई कामाला जातो तो मनुक्यांचा कारखाना नोव्हेंबरपासून बंद आहे. ती तक्रार करत नाही, पण रविवारी जेवायला येते तेव्हा पोरं उरलेल्या पोळ्या खिशात घालतात आणि ती बघून न बघितल्यासारखं करते.

गावाकडची बातमी अशी, की एवोदियोच्या थडग्यावर येणारी जाकारांदाच्या झाडाची फांदी छाटली. मुळं दगडाला ढकलत होती, तीही तोडली. निकानोर पाथरवट सांगत होता.

तुम्ही लगेच विचाराल, "त्याने तुला का सांगावं? पैसे मी पाठवते, फोन मी करते." तिकडेच येते आहे, कोमाद्रे. जरा धीर धरा.

मला अलीकडे एक स्वप्न पडतं. माझं स्वयंपाकघरातलं टेबल बागेत मांडलेलं असतं आणि ते लांबत जातं, झाडांच्या दोन ओळींमधून पार धुक्यात. मी ताटं मांडत जाते. एवोदियो आपल्या जागेवर बसून जेवत असतो, तसाच, कोपर टेबलावर टेकून. मान वर न करता म्हणतो, "तो माणूस कधीचा उभा आहे. त्याला बसायला सांग ना." तुम्ही म्हणाल, स्वप्नं आपल्याला हवी तशीच पडतात. मीही फादरना तेच म्हटलं. ते म्हणाले, पाप स्वप्नात नाही, लपवण्यात आहे. म्हणून लिहिते.

मी लग्न केलं. अडीच वर्षं झाली. निकानोरशी.

ज्याला तुम्ही दगड घडवायला सांगितला होता, त्याच्याशीच. "माणूस बोलतो कमी, पण अक्षर सरळ काढतो आणि पैशात लबाडी करत नाही," हे तुम्हीच मला सांगितलं होतं. पहिल्या वर्षश्राद्धाला मी गावी गेले, तेव्हा तो थडग्यापाशी गुडघे टेकून एवोदियोच्या नावातली माती काडीने काढत होता. मला म्हणाला, "बाई, पावसाने अक्षरं भरतात, म्हणून दर सोमवारी काढतो." त्या कामाचे पैसे तुम्ही दिले नव्हते, मीही नव्हते. मी दरवर्षी जात राहिले आणि चौथ्या वर्षी आमचं लग्न लागलं. तेव्हा मी साठ पुरे केले होते. हसू नका.

दर महिन्याला तुम्ही त्याला फोन करता, गवत वाढलं का विचारता. तो माझ्यावर चिडतो. "दोमितिला, त्या विचारतात, भावजय आली होती का? मी हो म्हणतो आणि जीभ चावतो. किती वर्षं चावू? आता उरली किती आहे?" दोष त्याचा नाही. मीच त्याला शपथ घातली होती. मला तुमचं ते वाक्य आठवायचं. एवोदियो गेल्यावर नवव्या दिवशी, जपमाळ संपल्यावर, तुम्ही एवोदियोच्या ताटावर हात ठेवून म्हणालात, "हे ताट उचलायचं नाही, दोमितिला. मी जिवंत आहे तोवर नाही." मी क्रुसाला हात लावून हो म्हटलं. सात वर्षं मी ते ताट मांडते आहे. निकानोरलाही लग्नाआधी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मांड की. मी काय त्याला ओळखत नाही?"

आता कागदांचं. त्याला सीमेपलीकडून इकडे आणायचं तर दाखवावं लागतं की मी त्याला पोसू शकते. एवोदियोच्या मागे मिळणारं पेन्शन (साठीनंतर लग्न केलं तर ते थांबत नाही) आणि दोन घरची मुलं सांभाळते त्याचे पैसे, हे सगळं मी सरकारला दर वर्षी खरं कळवते. ते दोघांच्या घरालासुद्धा पुरेसं धरत नाहीत. चर्चच्या कचेरीत कागद भरून देणाऱ्या पेर्फेक्ताबाई म्हणाल्या होत्या, थोडं कमी पडतंय, पण समजावणारं एक पान जोडा, कदाचित चालेल.

ते पान मी घरी बसून लिहिलं. विचारलं होतं, घरात माणसं किती. मी शाळा पुरी केलेली बाई, हिशेबाची वही ठेवणारी, अर्धवट काम मला जमत नाही. पट्टीने रेघा मारल्या: नाव, नातं, केव्हा जेवतात. मी, रोज. निकानोर, नवरा, आल्यावर रोज. मेलितोन, शेजारी, दुपारी. नोएमी, मुलगी, रविवारी. आणि एवोदियो, नवरा, रोज. मला वाटलं, इतकी ताटं निघतात हे पाहून म्हणतील, ही बाई एकाला नक्की पोसेल. पान पाकिटात घातलं आणि पेर्फेक्ताबाईंना न दाखवताच टपालात टाकलं.

कोमाद्रे, त्यांच्या लेखी जितकी ताटं जास्त, तितके पैसे जास्त लागतात. हे मला आपलं उमगलंच नाही. आपल्याकडे उलटं धरतात ना?

जानेवारीत हुआरेसला, वकिलातीत, निकानोरची व्हिसाची मुलाखत झाली. काचेमागच्या साहेबाने पान वर धरलं आणि विचारलं, "हा एवोदियो कोण?"

निकानोर म्हणाला, "बाईंचा नवरा."

"मग तुम्ही कोण?"

"मीही नवराच."

साहेबाने फाईल चाळली. "याचा मृत्यूचा दाखला तर इथे आहे. आणि हा रोज जेवतो?"

"त्या टेबलावर जेवतो, साहेब. मी गेलो की समोर बसेन."

साहेबाने म्हणे पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि लग्नाबद्दल आणखी काही विचारलं नाही. म्हणाला, "तुमच्या लग्नाची मला खात्री पटली." पण हातात एक कागद दिला: बायकोचं उत्पन्न पुरत नाही, वर्षाच्या आत दुसऱ्या कुणाची तरी हमी आणा. नाहीतर सगळं पहिल्यापासून. निकानोर अडुसष्टचा आहे. पहिल्यापासून किती वेळा करणार?

पेर्फेक्ताबाई मला इतक्या बोलल्या. "बाई, मेलेल्या माणसाला कोण जेवायला घालतं सरकारी कागदावर!" मग स्वतःच डोळे पुसत बसल्या. त्यांच्याकडेही एक ताट असणार.

नोएमी सही करायला तयार आहे, पण तिच्याच घरात पुरत नाही. माझ्या ओळखीत या देशात एकच बाई आहे जिची पगाराची नोकरी सुटलेली नाही आणि जी एकटी राहते. नाव लिहीत नाही. ती हे पत्र वाचते आहे.

सही करण्याआधी खरं काय ते ऐका. ही सही साधी नाही. तो इथला नागरिक होईपर्यंत, नाहीतर दहाएक वर्षांची मजुरी त्याच्या नावावर जमेपर्यंत तो उपाशी राहिला तर जाब तुम्हाला. मी त्याला सोडलं तरी ती सही सुटत नाही. मी मेले तरी नाही. म्हणजे तुमच्या भावाच्या घरात येणाऱ्या माणसाला पोसण्याचं वचन तुम्ही देणार. हे मागायला माझं तोंड नाही, म्हणून हात वापरते आहे. नाही म्हणालात तर मी समजेन. ताट तरीही मांडेन.

थडग्याची काळजी नको. निकानोरची पुतणी आतापासून सोमवारी जाते. काडीने अक्षरं कशी काढायची ते त्याने तिला शिकवलं आहे.

उत्तर द्या किंवा देऊ नका, पण त्याला पुढचा फोन कराल तेव्हा गवताचं विचारा. तो वाट बघतो.

एवोदियोची विधवा आणि निकानोरची बायको,
दोमितिला


सेल्मा, ६ एप्रिल
ईस्टरनंतरचा सोमवार

आदरणीय कोमाद्रे,

तुमचं पाकीट पवित्र शुक्रवारी आलं. उपास होता, तरी उभ्याउभ्याच फोडलं. सही, पगाराच्या चिठ्ठ्या, कराचे कागद, सगळं तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं ओळीने लावलेलं. घरातल्या माणसांच्या रकान्यात तुम्ही बरोबर दोनच लिहिलेत, तुम्ही आणि निकानोर. पेर्फेक्ताबाईंनी दोनदा तपासलं. "या बाईंना हिशेब कळतो," म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. आज कागद हुआरेसला गेले.

पत्र शोधलं, नव्हतं. शाळेच्या जेवणाच्या यादीमागे माझ्यासारख्याच रेघा मारलेली चिठ्ठी मात्र होती. एकच ओळ. "एवोदियो. भाऊ. रोज. ईस्टरपासून माझ्या टेबलावर." आणि खाली, "त्याचं ताट पाठव. नवं घेणार नाही."

मी चिठ्ठी एवोदियोच्या ताटाशेजारी ठेवली. मेलितोन आले, घेवडा खाल्ला आणि मिठाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

काल शेवटचं वाढलं. त्याच्या आवडीचा पाव, पाकात भिजवून, वर चीज. नोएमीच्या पोरींनी खाल्ला. ताट मी स्वतः घासून, दोन टॉवेलांत गुंडाळून या पत्राबरोबर पाठवते आहे. कडेला एक टवका उडालेला आहे, तो जुनाच, त्याच्याच हातून. तो भाग तो नेहमी स्वतःकडे ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात कापू नये. तुम्हीही तसंच मांडा.

ताट उचललं तर खालच्या मेणकापडावर एक गोल राहिला आहे. बाकी सगळी फुलं उन्हाने पांढरी पडली, त्या गोलातली अजून लाल आहेत. तिथे मी कुणालाच बसवणार नाही. निकानोर खिडकीकडे बसेल. बदामाची फुलं झडली, तो येईल तेव्हा पानं असतील, नाहीतर फळं.

आज सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "दोमितिला, एर्मिनियाबाईंचा फोन आला होता. गवताचं विचारलंच नाही." मी म्हटलं, "मग काय विचारलं?"

"विचारलं, कोट कोणत्या मापाचा लागतो. तिकडे धुक्यात थंडी फार असते म्हणे."

अजूनही आणि तुम्ही म्हणाल तोवर,
तुमची भावजय
दोमितिला