बाबांची सही

सव्हाना, ५ डिसेंबर १७३८
माझ्या भावाला, टोबियसला, पुरून दोन महिने झाले. आता बाबाही अंथरुणाला खिळलेत. ते गेले की जमीन सरकारजमा! वारस मुलगाच हवा. जनरलसाहेबांच्या वसाहतीत जमीन त्याची, जो बंदूक धरेल. कुऱ्हाड धरून झाडं कुणी तोडली? तुती कुणी लावली? मी! उद्या कुणीतरी आयत्या बिळावर नागोबा येऊन बसेल.

८ डिसेंबर
शेजारचा लीमिंग लंडनला पाठवायचा अर्ज घेऊन आला. मागण्या दोन – मुलींना वारसा, आणि शेतावर गुलाम ठेवायची मुभा. दोन्ही एकाच कागदावर.
बाबा म्हणाले, "लंडनच्या तुरुंगात बेडी माझ्या पायात होती. ती दुसऱ्याच्या पायात घालायला सही? जमत नाही."
"मग मी कुठे जाऊ, बाबा?"
ते भिंतीकडे वळले. एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

९ डिसेंबर
ताप चढला. त्यांना शुद्ध नव्हती. त्यांच्या बोटांत लेखणी दिली, हात धरला आणि सही गिरवली. लीमिंग खिडकीबाहेर बघत राहिला.

११ डिसेंबर
ताप उतरला. "लीमिंगला रिकाम्या हाती परत पाठवलंस ना?"
"हो."
बाबांनी वाडगाभर मक्याची लापशी खाल्ली. "या जनरलची बाकी सगळी हुकूमशाही, पण गुलाम नकोत एवढं मात्र शहाण्यासारखं बोलला!"
मी वाडगा विसळत बसले.

२ फेब्रुवारी १७४०
लंडनहून जहाजाने हुकूम आला. मुलींना जमीन मिळणार. गुलाम नाहीत!
बाबा हसले. "बघ पोरी, सही न करता मिळाली की नाही?"
सांगून टाकायचं होतं. मी चुलीत लाकूड सारलं.

१९ फेब्रुवारी
बाबा गेले. सांगायचं राहिलं.

४ मार्च १७५१
जनरलसाहेब मायदेशी परतले त्यालाही आठ वर्षं झाली. त्यांचा गुलामबंदीचा नियमही गेला. लीमिंगने चार्ल्सटनहून गुलाम आणलेत, त्यातली एक बाई माझ्याच वयाची. बायना नाव. पायात बेडी होती.
मी म्हणाले, "लाज वाटत नाही?"
लीमिंग सगळ्यांसमोर हसला. "आम्ही पहिल्यांदा गुलाम मागितले, तेव्हा त्या कागदावर तुझ्या बापाची सही होती. विसरलीस?"
मी ती सही गिरवताना तो खिडकीबाहेर बघत होता, हे मला आठवलं. त्यालाही आठवत असणार.
"हो, होती," मी म्हणाले.