अण्णांच्या टाकीचं पाणी

४ फेब्रुवारी
अण्णा पडले. हातात भरलेली बादली, ओल्या फरशीवर पाय सटकला. हाड वाचलं, कोपर मात्र टम्म सुजलंय. कार्यशाळेतून धावत आले तर सासरेबुवा भिंतीला टेकून बसलेले. "आधी माशांच्या टाकीत पाणी घाल. सकाळचं राहिलंय."
घातलं. मग बर्फ.

५ फेब्रुवारी
खाऱ्या पाण्यातल्या माशांचं हे असंच. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज दोन लिटर गोडं, गाळलेलं पाणी घातलं नाही तर खारटपणा चढतो आणि मासे जीव सोडतात. नऊ वर्षं अण्णांनी एक सकाळ चुकवली नाही. आता वय बहात्तर, हात थरथरतात.
आणि मला एकोणीसला तीन आठवडे परगावी जायचंय. आमच्याकडे कृत्रिम पाय बनवायचं नवं यंत्र येतंय, ते शिकायला मलाच निवडलं. "नाही म्हणून कळवते," म्हटलं.
अण्णा म्हणाले, "माझ्या माशांच्या नावावर बिल फाडू नकोस."

७ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावर लिफ्टदुरुस्तीवाले राहतात. त्यांना विचारलं. त्यांनी कागदावर काढूनच दाखवलं— एक पिंप, त्यात छोटा पंप, टाकीत एक तरंगता खटका. पाणी उतरलं की पंप चालू, पातळी आली की बंद. "लिफ्टपेक्षा सोपं. यात निदान माणसं अडकत नाहीत."

९ फेब्रुवारी
सकाळी बसवलं. चाळीस लिटरचं पिंप शेजारच्या कपाटावर, बारीक नळी टाकीत सोडलेली. पंप घुरघुरला, थांबला. आम्ही तिघं खूश, चहाला बसलो.
तासाभराने पाहते तर फरशीवर तळं! पंप बंद, पाणी चालूच. पिंप उंचावर, नळीचं तोंड पाण्यात बुडलेलं— एकदा धार लागली ती लागलीच. सगळं पिंप टाकीत रिकामं. खारटपणा धाडकन खाली. नारिंगी मासे दगडामागे गेले ते बाहेर येईनात.
लिफ्टवाले हात जोडून उभे. "चूक माझी. माझ्या लक्षात यायला हवं होतं."
अण्णा म्हणाले, "माझ्या तरी कुठे आलं? बसा. चहा अर्धा राहिलाय तुमचा."

१० फेब्रुवारी
मीठ एका दमात वाढवलं तर तेही मारक. म्हणून दर दोन तासांनी मगभर खारं पाणी. अण्णा मोजतात, मी घालते. टाकीतली एकुलती कोळंबी मेली. मासे अजून लपलेले.
हातात तो मग धरून बसले असताना चार वर्षांपूर्वीची दुपार आठवली. ह्यांचा फोन आला होता— परत येणार नाही, तिकडे दुसरा संसार मांडलाय. आत्तेसासूबाई अण्णांना म्हणाल्या, "आता सुनेला कशाला ठेवायचं?" मी स्वयंपाकघरात होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "मुलगा माझा गेलाय. तिचं घर कुठे गेलंय?"
हे मी ऐकलं, ते त्यांना माहीत नाही. आभार मानायचे राहूनच गेलेत. कसे मानतात असले आभार?

११ फेब्रुवारी
मासे बाहेर. खायला आले! अण्णांनी चष्मा पुसला. दोनदा.

१३ फेब्रुवारी
पिंप आता जमिनीवर. नळीचं तोंड पाण्याच्या वर, चिमट्याने पक्कं. दिवसभर समोर बसून पाहिलं. पंप थांबला की पाणीही थांबतं.
"मोठं पिंप घेऊ या का?" मी विचारलं. चाळीस लिटर म्हणजे वीसच दिवस, आणि मी एकवीस दिवस नाही.
"नको. पुन्हा बिघडलं तर जेवढं पिंप तेवढीच आपत्ती. एकविसाव्या दिवशी मी तांब्याने घालीन. तेवढं तरी काम राहू दे मला."

१९ फेब्रुवारी
निघाले. लिफ्टवाले म्हणाले, रोज एकदा डोकावून जाईन. मी सांगितलंही नव्हतं. माणसं किती चांगली असतात, आपण विचारत नाही एवढंच.

३ मार्च
यंत्र जमलं. आज एका बाईंना पाय बसवला, त्या दाराजवळ चालत गेल्या आणि वळून माझ्याकडे बघत राहिल्या.
संध्याकाळी इथल्या केंद्राच्या मुख्य बाईंनी बोलावलं. लहान मुलांच्या पायांचा विभाग सुरू होतोय, तो सांभाळाल का? इथेच, कायमचं. आठवड्यात कळवा म्हणाल्या.
अण्णांना फोन केला, हे सांगितलं नाही. तीस वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसाला मुळासकट उपटायचं? आणि त्यांना एकटं ठेवून तर मी येणार नाही. कुणी एवढ्या मानाने विचारलं, हेच पुष्कळ. नकार उद्या-परवा लिहीन.

९ मार्च
नकार अजून लिहिला नाही. शब्द सापडत नाहीत.

१२ मार्च
घरी आले. मासे ठणठणीत, अण्णाही. परवा मुख्य बाईंनी माझ्या अर्जावरच्या घरच्या नंबरावर फोन केला होता. तो अण्णांनी घेतला आणि परस्पर होकार देऊन मोकळे झाले. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या थरथरत्या अक्षरातला कागद ठेवलाय— टाकीची लांबी, रुंदी, उंची. खाली एक ओळ: "दोन खोल्या पुरतील, पण तळमजला बघ. टाकी जड आहे."