यादीतून खोडलेलं नाव

आये, आज सकाळपासून तुला लिहायला ही तिसऱ्यांदा बसते आहे. दोनदा उठले. एकदा कुकर लावायला, आणि एकदा उगाचच. गॅलरीत जाऊन पापडीच्या रस्त्याकडे बघत उभी राहिले आणि काय बघायला आले होते तेच विसरून परत आत आले. या आठवड्यात कॉलेजात एक गोष्ट घडली, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. ती तुला सांगायची आहे. पण त्यासाठी आधी मागचं सांगायला हवं. मागचं तुला ठाऊकच आहे, असं म्हणता म्हणता लक्षात येतं, की त्यातलं निम्मं मी तुला कधी सांगितलंच नव्हतं.

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. मी अजून त्याच मेडिकल कॉलेजात आहे. तेव्हा तिथे पीएचडी करत होते, आता पीएचडीला नव्याने आलेल्या मुलामुलींना शिकवते. संशोधन कसं करायचं, माणसांकडून माहिती कशी घ्यायची, रक्ताचा नमुना घेण्याआधी त्यांची संमती कशी मागायची, हे सगळं त्यांना पहिल्या वर्षी शिकावं लागतं, आणि ते शिकवायचं काम माझ्याकडे आहे. तुला हे ऐकून हसू येईल. मला पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा म्हणजे नेमकं काय मिळालं, हे तुला मी कधी नीट समजावू शकले नाही. प्रवेशपरीक्षा झाली, मुलाखत झाली, विभागात जागा मिळाल्याचं पत्र आलं, आणि तू बाजारात टोपली उतरवायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलंस, की माझी पोरगी डॉक्टर होतेय. दुसऱ्याच दिवशी दोन बाया आपले गुडघे घेऊन आपल्या दारात हजर. मी तुझ्यावर चिडले. म्हटलं, मी तपासणारी डॉक्टर नाही, अभ्यास करणारी आहे.

"मंग अभ्यास झाल्यावर तपासशील ना?"

"नाही गं. तेव्हाही नाही."

"मंग कशाला करतंस?" तू विचारलंस. टोमणा नव्हता त्यात, तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. तरी माझा पांढरा कोट तू दर रविवारी वेगळ्या बादलीत धुवायचीस, बाकीच्या कपड्यांत मिसळू द्यायची नाहीस. त्याला मासळीचा वास लागला तर कॉलेजात कोणी बाजूला बसणार नाही, अशी तुझी समजूत. मी कधी म्हटलं नाही, की तसं काही होत नाही. कारण पहिल्या वर्षी तसं झालं होतं.

माझा विषय ठरला तो आपल्याच माणसांचा. दिवसभर उन्हात बसून काम करणाऱ्या बायांची मूत्रपिंडं. बोंबील वाळत घालणाऱ्या, बाजारात मासळी विकणाऱ्या. माझे सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले की प्रश्नावली घेऊन कुठेही जाण्याआधी ती घरी कोणावर तरी वापरून बघ. म्हणून एका सकाळी मी पाचूबंदरच्या आपल्या स्वयंपाकघरात, तू कोलीम, ती बारीक कोळंबी, निवडत असताना, तुझ्यासमोर कागद घेऊन बसले. नाव, वय, किती वर्षं काम करता, सगळं विचारलं. तू मजेत उत्तरं देत होतीस. मग मी विचारलं, दिवसभरात किती ग्लास पाणी पिता?

तुझा हात थांबला. "बाजारात?"

"हो."

"बाजारात पानी पिऊन जायचं कुठं?" मी काही बोलायच्या आत तुझा आवाज चढला. "सकालपासून सांजपर्यंत त्या फळीवर बसायचं. बाजूला बापे माणसं. जायला जागा नाय. पानी पियालं तर पोट धरून बसावं लागतं. तुमच्या कालेजात संडास हाय, म्हून तुला यो सवाल सुचला. ग्लास मोजतेय! किती पिता इचारतंस, का पीत नाय ते इचार की."

आये, माझ्या अख्ख्या संशोधनात मला एवढं कोणी झापलं नाही. आणि एवढं उपयोगाचंही कोणी काही सांगितलं नाही. मी तो प्रश्न प्रश्नावलीत घातला. सरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हाच तुझा प्रबंध आहे. बाकीचे प्रश्न याच्या मागे उभे राहतील." घरी आल्यावर मी तुला हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं मला आजही कारण देता येत नाही. बहुधा तो प्रश्न माझा व्हायला हवा होता.

मग बाया मिळवायच्या होत्या. त्या काळात मी चार दिवस आपल्या आळीत फिरले, आणि एकही बाई रक्त द्यायला तयार होईना. तू म्हणालीस, तू थांब. तू घरोघर गेलीस. मी तुझ्या मागे, फॉर्मची फाइल छातीशी धरून. प्रत्येक दारात तू एकच सांगायचीस. "सुई टोचनार, जरा दुखंल. मनात असंल तर या. माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघून नका येऊ. नाय म्हनालात तरी उद्या मी तुमच्याशी बोलनार." संमती कशी घ्यावी यावर मी नंतर किती पुस्तकं वाचली, किती कार्यशाळांना बसले. याहून नीट मला कुठे सापडलं नाही. तुझी ही वाक्यं मी दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. कोणाची आहेत ते सांगत नाही.

रक्त घ्यायच्या दिवशी, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये, उपाशीपोटी, पन्नासेक बाया रांगेत बसल्या आहेत. रक्त देऊन झालेल्या प्रत्येकीला तू चहा-पाव देते आहेस. शेवटची बाई उठली तशी तू हात पुसून खुर्चीत येऊन बसलीस आणि पदर सारून दंड पुढे केलास. यादीत तुझं नाव मीच पहिलं लिहिलं होतं. सरांनी आदल्या दिवशी त्यावर लाल रेघ मारली होती. नातेवाईक नकोत, म्हणाले. आपलं माणूस आलं की आकडे हलतात. मी तुला म्हटलं, "आये, तुझं चालत नाही."

"चालत नाय?" तू हसलीस. "खराब हाय का माझं रगत?"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. तू दंड झाकून घेतलास आणि उरलेला पाव कागदात बांधायला लागलीस.

हे तुला मी कधीच सांगितलं नाही. रेघ मारताना सरांनी अजून एक वाक्य उच्चारलं होतं. "अभ्यासात नको, पण त्यांचं वेगळं तपासून घे. आपल्याच हॉस्पिटलात आण, पाच मिनिटांचं काम आहे." मी हो म्हटलं. आये, मी खरंच आणणार होते. पण आधी नमुने तपासायचे होते. मग एका परिषदेसाठी निबंध पाठवायचा होता. मग परदेशातल्या एका विद्यापीठात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची संधी आली, त्याची मुलाखत, त्याचा व्हिसा. ती संधी हुकली असती तर दुसरी मिळाली नसती, असं मला तेव्हा वाटत होतं. तुझ्या पायांना सूज यायला लागली तेव्हा तू म्हणालीस, दिवसभर पाय लोंबकळत बसते म्हून. मला कळायला हवं होतं. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ते लक्षण लिहिलेलं होतं, माझ्याच हातानं. मी परदेशातून आले तेव्हा तुला अन्न गोड लागेनासं झालं होतं, अंगाला खाज सुटायची, आणि तू ती खोबरेल तेलावर भागवत होतीस. मग तपासलं. तोवर दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली होती. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तुला घेऊन नालासोपाऱ्याला डायलिसिसला जायचे, आणि त्या यंत्राशेजारी बसून मी प्रबंध पूर्ण केला. तू एकदाही विचारलं नाहीस, की पोरी, सगळ्यांचं बघितलंस, माझं का नाय बघितलंस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

आपल्या शेजारची मावशी अजून बाजारात बसते. तिचा नमुना तेव्हा खराब आला होता, वेळेत औषधं सुरू झाली. मी दिसले की कोळंबीवर मूठभर जास्त घालते आणि म्हणते, "तुझ्या आयेनं मना ओढत नेलं व्हतं, म्हून हाय मी." मी त्या बाजूने जायचं टाळते. कोळंबी सुपरमार्केटमधून आणते. तुला हे आवडणार नाही.

आता या आठवड्याचं. सोमवारी वर्गात मी नेहमीप्रमाणे प्रश्नावलीचा किस्सा सांगितला. किती पाणी पिता आणि का पीत नाही. एका मुलीनं हात वर केला. विरारच्या मनवेलपाड्यात राहते, या वर्षीच पीएचडीला लागली आहे. तिनं विचारलं, "मॅडम, ती बाई कोण होती?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बाजारातली एक मासळीवाली." आणि पुढचं शिकवायला लागले.

बुधवारी तीच मुलगी तिच्या अभ्यासाची यादी घेऊन माझ्या खोलीत आली. तिच्या चाळीतल्या बाया घरी बसून खोटे दागिने बनवतात. लहानशा ज्योतीवर तुकड्यांना डाग देऊन जोडायचे, दिवसभर तो धूर नाकातोंडात. त्यांची फुप्फुसं तपासायची, असा तिचा विषय. यादीतलं पहिलं नाव वाचलं. आडनाव तिचंच.

"ही कोण?"

"मम्मी. मॅडम, सगळ्या बायकांना तिनेच पटवलंय. नाहीतर कोणी रेडीच नव्हतं."

माझ्या हातात पेन होतं. मी रेघ मारली. नातेवाईक नकोत, म्हटलं. नियम चुकीचा नाही, आये. सर बरोबर होते, मीही बरोबर होते. मुलगी म्हणाली, ठीक आहे मॅडम, आणि कागद घडी करायला लागली. मी म्हटलं, "शुक्रवारी सकाळी तिला इथे घेऊन ये. छातीच्या ओपीडीत मी सांगून ठेवते."

"स्टडी होऊ दे ना मॅडम, मग आरामात आणते. आत्ता ऑर्डरचं काम चालू आहे तिचं."

"शुक्रवारी," मी ओरडले. बाहेर बसलेल्या क्लार्कने मान वर करून बघितलं. "स्टडी राहू दे. शुक्रवारी आली नाहीस तर तुझ्या फॉर्मवर सही मिळणार नाही." असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. तरी म्हटलं.

काल त्या दोघी आल्या. आई माझ्याच वयाची. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे काळे ठिपके. नळीत फुंकायला सांगितलं तर आधी लाजली, मग खोकला आला, मग पुन्हा फुंकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सुरुवात झालेली आहे, पण लवकर आलात. काम काही महिने बंद, औषध नियमित, आणि पुढे करायचंच तर खिडकीपाशी बसून.

नंतर कॅन्टीनमध्ये चहा घेताना मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "सोमवारी तू विचारलंस ना, ती बाई कोण. ती माझी आई." तिच्या आईनं कप खाली ठेवला. तुझ्याबद्दल मी त्यांना सगळं सांगितलं. कोलीम, बाजारातली फळी, घरोघर फिरणं, सुई दुखंल म्हणून आधीच सांगणं. बारा वर्षांत मी तुझ्याबद्दल कोणाशी एवढं बोलले नव्हते. हलकं वाटत होतं. तिची आई डोळे पुसत म्हणाली, "मोठ्या मनाच्या होत्या हो." आणि मुलीनं विचारलं, अगदी सहज, "मग मॅडम, त्यांचा स्वतःचा रिपोर्ट काय आला होता?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "चांगला आला होता."

हे मी कोणाला सांगणार नाही, त्या मुलीलाही नाही. हा कागदही कपाटात जाईल. पण तुला सांगते. तसं बोलून गेल्यावर मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटली, पण जरा उशिरा. त्याआधी थोडा वेळ, चहा निवेपर्यंत म्हण, तुझा रिपोर्ट खरंच चांगला आला होता.